मागल्या खोलीतलं ऊन

१

दुपारी साडेतीनला आमच्या मागचं मशीन थांबतं. गोखिवऱ्यात आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक गाळा आहे. तिथे दिवसभर पत्रा कापायचं प्रेस मशीन चालतं. धप्, धप्, धप्. नवीन माणसाचं डोकं उठेल, मला त्याची सवय झाली आहे. साडेतीनला कामगार चहाला जातात आणि पंधरा-वीस मिनिटं अशी शांतता होते की स्वयंपाकघरातला नळ ठिबकत असला तर मागल्या खोलीत ऐकू यावा.

त्याच वेळी ज्ञानदाचा फोन यायचा. मशीन चालू असलं की तिला माझं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून आम्ही ती वेळ ठरवून घेतली होती. पाच वर्षांत तिने ती क्वचितच चुकवली. मी तीन वाजताच पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसायचे. मोबाइलला रेंज फक्त हॉलच्या खिडकीत येते, त्यामुळे फोन तिथे आणि मी मागल्या खोलीत. रिंग ऐकू यावी म्हणून खुर्ची दाराकडे वळवून ठेवायचे. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे?

मी जयवंती. वसईच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा मेलबर्नला. ज्ञानदा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, विरारला राहते, घरी शिकवण्या घेते. ‘खुणेचं पान’ हा वाचकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तिने काढला आणि पहिल्या दिवशी मलाच म्हणाली, “जयूताई, तुम्ही रोज सकाळी एक नोंद टाकायची. तुमच्याशिवाय हा ग्रुप म्हणजे नुसता गुड मॉर्निंगचा बाजार होईल.” जयूताई मला तीच म्हणते. बाकीचे टीचर म्हणतात, नाहीतर बाई.

तेव्हापासून रोज सकाळी सातला माझी नोंद. खाली जोडलेले हात, गुलाबाची फुलं, “बाई, काय लिहिता!” वगैरे. मला ते आवडायचं. आवडत नाही म्हणणारे लोक खोटं बोलतात.

ग्रुपची आणखी एक पद्धत होती, फिरतं पुस्तक. एक पुस्तक कापडी पिशवीत घालून या सोसायटीच्या वॉचमनकडून त्या सोसायटीच्या वॉचमनकडे जायचं. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आपलं नाव आणि एक ओळ लिहायची. पेनने नाही, मूळ मालकाला खोडता आलं पाहिजे. एकच ओळ, हा ज्ञानदाचा नियम.

२

रिचेल जानेवारीत आली. निर्मळ गावची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची, वडिलांची फुलांची वाडी. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं, “हे पुस्तक वाचताना माझी भाजी करपली. पुस्तक चांगलं आहे. भाजीही चांगली होती.”

एवढंच. खाली अठ्ठावन्न जणांनी हसून घेतलं. त्या सकाळची माझी नोंद साडेचारशे शब्दांची होती. तिच्याखाली सहाच जण.

मग ती रोजच लिहू लागली. मोगऱ्याच्या टोपलीशेजारी पालथं ठेवलेलं पुस्तक, केळीच्या पानावर ठेवलेलं पुस्तक, असे फोटो. मजकूर दोन-तीन ओळींचा. एका कवितेविषयी तिने लिहिलं की ही वाचून मला वडिलांना विचारावंसं वाटलं, तुम्ही थकता का? मी विचारलं. ते म्हणाले, हो. मी ते वाचलं आणि मोबाइल उलटा ठेवला. चांगलं होतं. मला तसं लिहिता आलं नसतं, हे मला पहिल्या वाचनातच कळलं. एकतीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, कोणाला किती येतं हे मला एका ओळीत समजतं.

ज्ञानदाचे फोन आधी छोटे झाले. मग त्यात रिचेल आली. “जयूताई, ती काल काय म्हणाली माहितीये?” मग एका दुपारी मशीन थांबलं, नळ ठिबकला, चहा पिऊन कामगार परत आले, मशीन सुरू झालं, आणि फोन आलाच नाही. संध्याकाळी मी केला. “अय्या, रिचेलशी बोलत बसले हो! वेळ कसा गेला कळलंच नाही.”

त्रेसष्टाव्या वर्षी शाळकरी मुलीसारखी मैत्रिणीवरून जळत होते, आणि ते मला दिसतही होतं. दिसलं म्हणून जळणं कमी होतं असं नाही.

३

वाचणाऱ्या माणसांची एक खोड असते. अमुक पुस्तक आपण वाचलेलं नाही, हे चारचौघांत कबूल करणं त्यांच्या जिवावर येतं. ग्रुपवर तर कोणीच करत नाही. आमचे सदानंदराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांनी जगातलं प्रत्येक पुस्तक “फार पूर्वी” वाचलेलं असतं.

मी ठरवलं, रिचेलला त्यात पकडायचं. कुकर लावला आणि शिट्या होईपर्यंत एक कवयित्री तयार केली. मंजुळा आरोंदेकर. संग्रहाचं नाव ‘मागल्या खोलीतलं ऊन’. प्रकाशन दीपमाळ, सावंतवाडी. एकच आवृत्ती, आता मिळत नाही, जाणकारांनी मात्र जपून ठेवलेली. आणि नमुन्यादाखल चार ओळी, त्याही माझ्याच.

मागल्या खोलीत ऊन येतं
पाहुण्यासारखं, चप्पल न काढता.
थोडं टेकतं, पाणी नको म्हणतं,
उठून जातं.

पाचवी ओळही सुचली होती, “मी मात्र रोज दोन कप मांडते.” ती मी लिहिली नाही. जरा जास्तच उघडं पडल्यासारखं वाटलं.

नोंद टाकली. पाच मिनिटांत सदानंदराव आले. “वा! फार पूर्वी वाचलाय. तेव्हाच म्हटलं होतं, ही बाई वेगळी आहे. छंद असता तर अजून खुलली असती.” मग आणखी कोणी, “यातली शेवटची कविता तर काळजात रुतते.” मग कोणी, “आमच्या आईकडे होता हा संग्रह.” ज्ञानदासुद्धा! “जयूताई, कित्येक वर्षांनी हे नाव ऐकलं.” मी खिडकीत एकटी हसत होते. वरणाला फोडणी द्यायची राहिली.

दुपारी रिचेलचं उत्तर आलं. “टीचर, मी हे नाव कधीच ऐकलं नव्हतं. माझं वाचन कमी आहे. कुठे मिळेल?”

एकट्या तिनेच खरं सांगितलं. माझं हसू तिथेच विरलं. वर ज्ञानदाने तिच्या त्या उत्तराला बदाम दिला.

४

चार दिवसांनी रिचेलने लिहिलं, “टीचर, मिळालं!”

खाली फोटो होता. आगाशीच्या बाजारात ती फुलं द्यायला गेली होती, तिथे रद्दीच्या दुकानात वजनकाट्याखाली दिसलं म्हणे. मातकट रंगाचं पातळ पुस्तक. ‘मागल्या खोलीतलं ऊन’. मंजुळा आरोंदेकर. दुसऱ्या फोटोत आतलं पान. दीपमाळ प्रकाशन, सावंतवाडी.

मी चष्मा पुसला. मग मला हसू आलं. पोरगी वस्ताद निघाली! डाव ओळखून तिने तो माझ्यावरच उलटवला होता. आजकाल काय, कोणीही काहीही छापून घेतं. आमच्याच गोखिवऱ्यात छपाईचे गाळे आहेत, सकाळी द्या, संध्याकाळी तयार. कागद चहाच्या पाण्यात बुडवला की जुना दिसतो, शाळेत स्नेहसंमेलनातल्या खलित्यासाठी आम्ही तेच करायचो. म्हणजे तिला सगळं कळलं होतं आणि ती मला खेळवत होती.

मग तिसरा फोटो आला. पहिली कविता. माझ्या चार ओळी जशाच्या तशा, आणि त्यांच्याखाली पाचवी.

मी मात्र रोज दोन कप मांडते.

मी माझी नोंद पुन्हा उघडून बघितली, तिथे चारच ओळी होत्या. मग मनाशी म्हटलं, यात काय मोठं? चार ओळी अशा असल्या की पाचवी तशीच सुचणार. मला सुचली, तिलाही सुचली. चांगला कान असलेलं माणूस तिथेच पोचणार. हे मला पटलं. पण तिचा कान माझ्याइतकाच चांगला आहे हे मानण्यापेक्षा भूत मानलेलं बरं, असंही क्षणभर वाटून गेलं.

मी एकच ओळ लिहून मोकळी होऊ शकत होते. “हा संग्रह अस्तित्वात नाही, मी गंमत केली.” टाइप केली. पण ज्ञानदा नुकतीच तिथे लिहून गेली होती, “जयूताई, तुम्ही सुचवलंत आणि रिचेलने शोधलं, दोघींचे आभार.” मी गंमत केली म्हटलं असतं तर तीही खोटं बोलली हे सगळ्यांना कळलं असतं. तिने मला माफ केलं नसतं. मी ओळ पुसली.

५

त्यानंतर ग्रुपवर दुसरा विषयच उरला नाही. रिचेल रोज एक कविता टाकायची आणि लोक तिच्यावर तुटून पडायचे. मुक्तछंद की गद्य यावर सदानंदरावांनी दोन दिवस वाद घातला. ज्ञानदाने लिहिलं, “इतकी वर्षं आपण काय वाचत होतो?” इतकी वर्षं ती माझ्या नोंदी वाचत होती.

माझ्या सकाळच्या नोंदीखाली आता काहीच नसायचं. एके दिवशी मी नोंद टाकलीच नाही. कोणी विचारलं नाही.

आणि कविता चांगल्या होत्या. आधी मला वाटलं होतं रिचेलच लिहीत असेल. पण त्या तिच्यासारख्या नव्हत्या. माझ्यासारख्या होत्या, फक्त मी कधी लिहिल्या नसत्या इतक्या उघड्या.

साडेतीन ही काही वेळ नाही,
साडेतीन ही एक खुर्ची आहे
दाराकडे तोंड केलेली.

ती वाचली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्ञानदा! माझ्या घरी ती दोनदा येऊन गेली होती. म्हणजे दोघी फोनवर माझ्याविषयी बोलतात. एक सांगते, दुसरी लिहिते, आणि मग दोघी हसतात. मी खोलीत जाऊन खुर्ची भिंतीकडे वळवली आणि बाजारात गेले.

परत आले तेव्हा खुर्ची दाराकडे वळलेली होती. सवयीने मीच पुन्हा वळवली असणार. पाच वर्षांची सवय, हात आपोआप जातात.

पण दुसऱ्या दिवशीच्या कवितेत कपाट होतं. पुस्तकांच्या ओझ्याने एका बाजूला कललेलं, आणि त्याच्या पायाखाली घडी करून ठेवलेली मुलाच्या लग्नाची पत्रिका. ते मी ज्ञानदाला सांगितलेलं नव्हतं. कोणालाच नाही. मुलाने लग्न तिकडेच केलं, पत्रिका पोस्टाने आली, ती मी रागाच्या भरात त्या पायाखाली सरकवली. वरून दिसत नाही. त्यासाठी जमिनीला गाल लावून बघावं लागतं.

मी गुडघे टेकून खाली वाकले. पत्रिका तिथेच होती. तिच्या आजूबाजूची धूळ मात्र पुसलेली होती, वाकून बघणाऱ्याचा गाल टेकेल तेवढीच. माझा गाल अजून टेकायचा होता.

त्या दुपारी मीच ज्ञानदाला फोन केला. “हॅलो, कोण?” ती म्हणाली. मी नाव सांगितलं. “हां हां,” ती म्हणाली. शिकवणीच्या पालकांशी बोलते त्या आवाजात. “बोला ना.”

६

रिक्षा करून निर्मळला गेले. रिचेलला तोंडावर विचारायचं होतं.

ओट्यावर तिचे वडील अँथनी केळीच्या दोऱ्याने फुलांच्या जुड्या बांधत होते. “या टीचर, बसा. उन्हाच्या आलात,” ते म्हणाले आणि आत बघून त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी मोठ्याने सांगितलं. रिचेल पदराला हात पुसावेत तशी ओढणीला हात पुसत बाहेर आली. बारीकशी, सावळी, केसांत तेल. मी मनात जिचा एवढा पहाड केला होता ती ही.

“टीचर तुम्ही! मला फोन करायचा ना, मी आले असते. पप्पा, ह्या त्याच. ह्यांच्या नोंदी वाचून मी वाचायला लागले.”

अँथनी हसले. “रोज सकाळी मला वाचून दाखवते. फुलं राहतात तोडायची.”

मी जाब विचारायचा ठरवून आले होते. शेवटी म्हटलं, “ते पुस्तक बघायचं होतं.”

तिचा चेहरा उतरला. “ते नाही इथे. फिरत्या पिशवीत घालून पाठवलं, सदानंदरावांकडून ते ज्ञानदाताईंकडे जाईल. टीचर, खरं सांगू? मला ते घरात नको झालं होतं. आणलं तेव्हा मागची चार पानं कोरी होती, मी बघितलेली. परवा बघितलं तर एकच कोरं. पप्पा म्हणाले, तुझा हिशेब चुकला असेल.”

“चिकटलेली पानं असतील,” अँथनी जुडी आवळत म्हणाले. “दमट हवा आपली.”

“असतील,” रिचेल म्हणाली. “पण ते वाचताना सारखं वाटतं की आतलं माणूस आपली वाट बघतंय. टीचर, तुम्हाला कुठे मिळालं होतं?”

तिने सरळ विचारलं, सरळ माझ्याकडे बघत. सांगून टाकावं असं फार वाटलं. या मुलीला सांगितलं असतं तर तिने कोणाला बोलूनही दाखवलं नसतं. पण मग तिच्यासमोर मी खोटी, आणि ती खरी. ते मला सहन झालं नसतं.

“आमच्या गावच्या वाचनालयात,” मी म्हटलं.

तिने मान डोलावली. निघताना फाटकापर्यंत आली, हातात मोगऱ्याची पुडी दिली आणि चाचरत म्हणाली, “टीचर, ज्ञानदाताईंचं आणि तुमचं काही झालंय का? काल त्या म्हणाल्या, हे पुस्तक तुला कोणी सुचवलं? मी तुमचं नाव सांगितलं. तर म्हणाल्या, त्या कोण गं?”

वाटभर मी रिक्षात ओठ चावत बसले. अपमान करायचा तर एवढा करावा? पुडी मी रिक्षातच विसरले.

७

पिशवी शनिवारी आली. आमचा वॉचमन शत्रुघ्न घेऊन वर आला. “मॅडम, विरारवरून आलीये. नाव दुसरंच काहीतरी लिहिलंय, पण फ्लॅट नंबर तुमचाच आहे.” पिशवीवर टाचलेल्या चिठ्ठीवर ज्ञानदाच्या अक्षरात “मंजुळा आरोंदेकर” असं लिहिलेलं होतं. खाली माझा पत्ता.

मला वाटलं, ही आता थट्टेची कमाल झाली. हॉलच्या खिडकीत बसून पुस्तक उघडलं. पिना गंजलेल्या. कागदाला डांबराच्या गोळ्यांचा वास, माझ्या ट्रंकेला येतो तोच. चहात बुडवलेला कागद असा लागत नाही, हे बोटांना लगेच कळलं. डोकं मात्र कारणं शोधत राहिलं.

सगळ्या कविता वाचल्या. नवऱ्याचं शेवटचं आजारपण होतं त्यात. मेलबर्नचा फोन ठेवल्यावर मी भिंतीला काय बोलले ते होतं. एका कवितेत एक बाई केळीच्या पानावर ठेवलेल्या पुस्तकाच्या फोटोकडे बघत होती आणि तिला वाटत होतं की त्या मुलीचे हात भाजावेत. मी ते कधी बोलले नव्हते. वाटलं मात्र होतं.

कोरं पान एकही उरलं नव्हतं. शेवटची कविता तीन ओळींची होती.

फोन तिने घ्यावा, मी घेऊ नये,
असं आमचं ठरलं आहे.
मी इथे बसते.

त्यानंतर नावांचं पान. वर पेन्सिलने रिचेल, “यातल्या बाईला कोणीतरी भेटायला जा.” मग सदानंदराव, “पुन्हा वाचतानाही तितकंच ताजं.” मग ज्ञानदा. तिचं गोल, सुटं अक्षर मी कुठेही ओळखेन. तिने लिहिलं होतं, “या बाईला मी ओळखत होते असं वाटत राहतं. कोण ते काही केल्या आठवत नाही.”

ती थट्टा नव्हती. ज्ञानदाला खोटं लिहिता येत नाही. वाचलं नसलेलं पुस्तक वाचलं म्हणेल, पण पेन्सिलने, एका ओळीत, फिरत्या पुस्तकात ती कधी खोटं लिहिणार नाही.

मला रडू आलं. भीतीने नाही. पाच वर्षांच्या दुपारी तिच्या डोक्यातून पुसल्या गेल्या होत्या, आणि रिचेल मात्र तिच्या लक्षात होती.

मी पेन्सिल शोधायला उठले. माझी ओळ लिहायची होती. “ही बाई मी आहे. हे पुस्तक मी रचलं. जयवंती.” एवढं लिहून पिशवी परत पाठवली असती तर सगळं संपलं असतं, मैत्रीसुद्धा, पण निदान माझ्या नावाने संपलं असतं. पेन्सिल नेहमी मागल्या खोलीत खुर्चीच्या हातावर असते. मी हॉलच्या मधोमध आले आणि थांबले.

मशीन थांबलं होतं. साडेतीन.

नळ ठिबकत होता. आणि मागल्या खोलीत कोणीतरी लिहीत होतं. पेन्सिलचा कागदावर होतो तो आवाज, खरखर, मग जरा थांबणं, मग पुन्हा. वह्या तपासताना मी असंच थांबते.

८

फोन वाजला.

मी तिथूनच मागे वळले आणि खिडकीतला फोन उचलला. स्क्रीनवर ज्ञानदाचं नाव होतं. तीन आठवड्यांनी.

“हॅलो, मंजुळाताई बोलताय का?” ती धापा टाकत असल्यासारखी बोलत होती, आवडत्या माणसाला भेटायला जिना चढून आल्यासारखी. “मी ज्ञानदा, विरारहून. तुमची वाचक. रागावू नका हं, असा एकदम फोन केला.”

“नंबर कुठून मिळाला?” माझा आवाज मलाच कोरडा वाटला.

“तीच तर गंमत! माझ्याच फोनमध्ये होता. तुमच्या नावाने. मी कधी सेव्ह केला देव जाणे. ताई, तुमचं पुस्तक तुमच्याकडेच पाठवलंय, सही करून द्याल ना?”

खिडकीची काच उघडी होती आणि तिच्यात मागल्या खोलीचं दार दिसत होतं. दारात तिरकं ऊन. उन्हात खुर्चीचा हात, त्यावर एक मनगट, मनगटावर माझं घड्याळ. माझं घड्याळ मी हातात घातलेलं होतं. मी नजर काढून घेतली.

“ज्ञानदा,” मी म्हटलं, “तू जयवंतीला ओळखतेस?”

“तुमच्या कवितेतली ती? मागल्या खोलीतली? तिचं नाव जयवंती आहे होय!” मग ती हसली, तिचं ते मोकळं हसू, पाच वर्षं जे माझं होतं. “खरं सांगू का ताई? वाईट वाटतं हो तिचं. पण तिच्याशी रोज फोनवर बोलावं लागलं असतं ना, तर मी कंटाळले असते. सारखं आपलं तिला कोणीतरी मोठं म्हणायला हवं.”

मागे पेन्सिल थांबली होती.

“तुमच्याशी मात्र बोलतच राहावंसं वाटतं,” ज्ञानदा म्हणाली. “रोज या वेळेला फोन केला तर चालेल?”

“या वेळेला तू रिचेलला करतेस ना?” मी पटकन विचारून गेले.

“रिचेल गोड आहे हो, पण लहान आहे. तिला सांगेन मी, साडेतीनची वेळ आता मंजुळाताईंची.”

एक वाक्य बोलायचं होतं. अगं, मी जयू. ओठांवर होतं ते, आणि मागल्या खोलीत कोणीतरी श्वास रोखून त्या वाक्याची वाट बघत होतं, हे मला कळत होतं. मी ते बोलले असते तर ज्ञानदाने नंबर चुकला म्हणून फोन ठेवला असता आणि उद्या साडेतीनला रिचेलला केला असता.

“चालेल की,” मी म्हटलं. “रोज कर. मंजुळाच बोलतेय मी.”

मागे खुर्ची सरकली. फरशीवरून ओढत, दाराकडे. मी पाठ फिरवली, खिडकीत अजून थोडी सरकून उभी राहिले, आणि ज्ञानदा पुढचं जे काही म्हणाली त्यावर मोठ्याने हसले. खुर्चीतल्या तिला आत नीट ऐकू जावं म्हणून.